आमच्या फाटकातलं चौथं स्थान

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी माणूस गेलं की दोन निरोप निघायचे. एक चर्चमध्ये, घंटा वाजवायला, आणि दुसरा आमच्या घरी, माझ्या नवऱ्याला बोलवायला. दफन झालं की त्या घरी रोज संध्याकाळी शेजारीपाजारी जमून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, आणि रोझरी संपली की कुणीतरी उठून घरच्यांना धीराचे दोन शब्द सांगतं. आमच्या भागात हे दोन शब्द कायम व्हॅलेरियनचे. आवाज भरदार, आणि चेहऱ्यावर असं काही मार्दव की रडणारी माणसंही मान वर करून ऐकायची. मी मागे बसून मनात म्हणायचे, दोन म्हणता म्हणता दोनशे झाले, आता पुरे कर बाबा, लोकांना घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या आहेत.

त्याची वाक्यं ठरलेली होती. देव माळी आहे, आणि माळी बागेतलं सगळ्यांत सुंदर फूल आधी खुडतो. देव खांदा बघूनच ओझं ठेवतो. देवाच्या मनात काहीतरी असेल, ते आपल्याला आज कळणार नाही. मला ती सगळी पाठ होती. खरी पण वाटायची. दुसऱ्याच्या अंगणात बसलं की सगळंच खरं वाटतं.

मग गेल्या दिवाळीच्या आधी आमचा डेंझिल गेला. आमचा एकुलता एक. मोटरसायकलवरून विरारला निघाला होता, पाण्याच्या टँकरखाली आला. याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही.

रोझरीला आमच्या अंगणात माणूस मावेना. प्रश्न असा आला की दोन शब्द आता बोलायचे कुणी. जो बोलायचा तोच आज घरचा म्हणून पुढच्या खुर्चीत बसलेला. तेव्हा मिंगेल उठला. मिंगेल म्हणजे आमच्या भागातल्या प्रार्थना-समूहाचा प्रमुख, मनाने सोनं, फक्त त्याला गप्प बसता येत नाही. त्याची बायको गेली तेव्हा व्हॅलेरियनने त्याला जे सांगितलं होतं, ते त्याने जपून ठेवलं होतं. तेच त्याने आता बाहेर काढलं. "व्हॅलेरियन, देव माळी हाय बाबा," तो म्हणाला, आणि पुढे फुलाचं सगळं. त्याच्यामागून ब्रिजित उठली. तिचा भाऊ गेला तेव्हाचं वाक्य तिने दिलं. मग आणखी एक जण. प्रत्येकाजवळ व्हॅलेरियनचं एकेक वाक्य होतं, आणि ते त्याच्या पदरात घालताना प्रत्येकाचे डोळे भरून येत होते. उसनी नेलेली साखर वाटी भरून परत करतात, तसं. त्यात कुणाच्या मनात पाप नव्हतं, उलट माया होती.

व्हॅलेरियन ऐकत राहिला. खांद्याचं आणि ओझ्याचं वाक्य आलं तसा तो उठला, माणसांमधून वाट काढत घराच्या मागे गेला आणि परसातल्या मांडवाखाली जाऊन बसला. त्या संध्याकाळपासून त्याने क्रुसाची खूण केली नाही, चर्चला गेला नाही, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही.

मांडव म्हणजे आमचा सुकेळ्यांचा मांडव. आमची राजेळी केळीची वाडी आहे. पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात, आणि ती वाळवायला छातीएवढ्या उंचीवर बांबूचा माचा बांधलेला असतो. त्यावर केळी, खाली सावली. त्या हिवाळ्यात वर काही नव्हतं. खाली एका स्टुलावर हा बसून असायचा.

त्याच्यापर्यंत कुणी पोचेना, म्हणून सल्ले सगळे माझ्यावर येऊन पडले. नायगावची नणंद म्हणाली, घराला कुलूप लावा आणि आमच्याकडे टॉवरमध्ये या, चौदाव्या मजल्यावर वारा छान येतो. कुणी म्हणालं, वेलंकनीच्या मातेकडे न्या. कुणी म्हणालं, डॉक्टरांना दाखवा. ते मला पटलं. डॉक्टर घरी येऊन गेले, गोळ्यांनी त्याला झोप लागायला लागली, आणि तेवढंही माझ्या दृष्टीने पुष्कळ होतं. एकीने सांगितलं, डेंझिलचे कपडे वाटून टाक, कपडे घरात राहिले की जीव अडकतो. मी म्हटलं, अडकू दे माझा. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे आम्ही सगळे लहानपणापासून म्हणतो, आणि तरी दुसऱ्याचं जळताना पाहिलं की आधी तोंड उघडतो.

मी चर्चला जात होते. प्रार्थनेला नाही, भांडायला. मागच्या बाकावर बसायचे आणि समोरच्या क्रुसाकडे बघून देवाला एकच म्हणायचे: तुझा मुलगा तिसऱ्या दिवशी परत आला, माझ्याचं काय? उत्तर आलं नाही. पण तिथे बसलेलं मला चालत होतं, कारण तिथे समोरचा निदान मध्ये बोलत नव्हता. पकडला जायच्या आधी येशू बागेत घाबराघुबरा झाला, तेव्हा त्यानेसुद्धा मित्रांकडे सल्ला मागितला नव्हता. माझ्याबरोबर जागे राहा, एवढंच म्हणाला होता, आणि ते झोपले. आमच्याकडे आले ते झोपले नाहीत, बोलत राहिले. दोन्हींतलं वाईट कोणतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

शहाणपण मात्र मलाही आवरलं नाही. एका दुपारी चहा घेऊन मांडवाखाली गेले. तो तसाच बसलेला. मला वाटलं, मी बायको आहे, माझं तरी ऐकेल. म्हटलं, "असं बसून कसं चालेल? देवाच्या मनात काहीतरी असेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे मी रुक्मिणीला म्हटलं होतं. ओवी गेली तेव्हा."

मी चहाचा कप त्याच्या स्टुलापाशी ठेवला.

"ती गप्प बसली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, तिला धीर आला. मी खूश होऊन घरी आलो, इनेझ. आज कळतं, ती का गप्प बसली होती."

चहा गार झाला. कप उचलून मी आत आले आणि ओट्याला टेकून रडले. नवरा माझ्या डोळ्यांसमोर बसलेला होता, आणि तोही माझ्या हातून निसटत चालला होता. एकाला मातीत ठेवून आले होते. दुसरा मी देणार नव्हते. देवाला नाही, दुःखाला नाही, कुणालाच नाही. हे त्या ओट्यापाशी माझं ठरलं, फक्त कसं ते कळत नव्हतं.

रुक्मिणी म्हणजे आमच्या वाडीला लागून ज्यांची वाडी, त्या नरहरींची बायको. हिंदू घर, पण केळी, विहीर आणि भांडणं पिढ्यान्‌पिढ्या एकाच बांधावरची. त्यांची मुलगी ओवी लहानपणी तापाने गेली, त्याला पुष्कळ वर्षं झाली. मी तडक तिच्याकडे गेले आणि विचारलं, "त्या वेळी आमच्या माणसाने तुला सांगितलं की देवाच्या मनात काहीतरी असेल. तुला काय वाटलं होतं?"

रुक्मिणी शेंगा मोडत होती. "खरं सांगू, इनेझबाय? हातात तांब्या होता. वाटलं, फेकून मारावा."

मी हसले. डेंझिलनंतर पहिल्यांदा हसले, आणि तीही हसली.

"मग मारला का नाहीस?"

"बोलून निघून गेले असते तर मारला असता. पण व्हॅलेरियनभाऊ गेलेच नाहीत ना." तिने शेंगांचं सूप खाली ठेवलं. "आमची केळी मांडवावर होती. ऊन उतरलं. आता दव पडणार, आणि दव पडलं की केळी काळी पडून वाया. पण कोण बघणार? हे ओसरीवर पडलेले, मी आत पडलेली. घर माणसांनी भरलेलं, सगळे बोलत होते. एकालाही केळी दिसली नाहीत. भाऊंनी चांगला शर्ट घातलेला, बाह्या वर केल्या आणि एकेक केळं उचलून टोपलीत भरलं, वरून पान झाकलं. सकाळी परत आले, परत उन्हात घातली. केळी तयार होईपर्यंत रोज. तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. मी खिडकीतून बघायचे. मला वाटायचं, अजून कोणीतरी आहे."

"त्याला हे आठवतसुद्धा नसेल," मी म्हटलं.

"मग सांग की त्यांना."

सांगायचंच ठरवून मी बांध ओलांडला. वाक्य तयार होतं: व्हॅलेरियन, तुझे शब्द वाया गेले, पण तुझे हात नाही गेले. किती छान वाक्य. रोझरीनंतर उभं राहून म्हणण्यासारखं. आणि तिथेच माझे पाय थांबले. हेही त्याच्या पदरात घालायचं आणखी एक वाक्यच होतं. मी ते गिळलं आणि सरळ वाडीत शिरले. राजेळीचे घड तयार झाले होते. गडी लावून ते उतरवले आणि पिकायला घातले.

तोवर प्रायश्चित्तकाळ सुरू झाला होता. ईस्टरच्या आधीचे हे उपासाचे दिवस, आणि त्यातल्या एका शुक्रवारी आमच्याकडे क्रुसाची वाट गल्लीगल्लीतून निघते. मोठा लाकडी क्रूस खांद्यावर, मागे सगळा गाव, आणि वाटेत चौदा ठिकाणी थांबून येशूच्या शेवटच्या वाटेतले चौदा प्रसंग, म्हणजे चौदा स्थानं. येशू क्रूस घेऊन चाललेला असताना त्याची आई त्याला वाटेत भेटते, ते चौथं स्थान. ते माझ्या सासऱ्यांपासून आमच्या फाटकात असतं, आणि तिथलं मनन व्हॅलेरियन वाचायचा.

मिंगेल आला. बरोबर फादर होते. नवीनच आलेले, तरुण, स्वभावाने चांगले.

"यंदा चौथं स्थान ब्रिजितकडे नेतो," मिंगेल म्हणाला. "आईला मुलगा भेटतो ते स्थान. तुला कसं झेपेल? लोकांनाही रडू येईल."

"येऊ दे. रडायला काय परवानगी लागते?"

"आंटी," फादर म्हणाले, "मिंगेलकाका काळजीपोटी म्हणतात. तुम्ही एक वर्ष आराम करा. स्वतःला त्रास करून घेऊ नका."

"फादर, त्या दिवशी मरियेलाही कुणीतरी म्हणालंच असेल, बाई, घरी बस, तुला बघवणार नाही. तिने ऐकलं असतं, तर तुमच्या चर्चच्या भिंतीवरच्या चित्रांत तेराच स्थानं असती."

फादर हसले, आणि मग हसायचं थांबले. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण वाचणार कोण?"

"ते माझ्यावर सोडा," मी म्हटलं. कुणावर सोडायचं ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात केळी पिकली. मिंगेलने नंतर मला विचारलं, मुद्दाम तोच आठवडा धरलास का? केळी कुणाचा मुहूर्त बघत नाहीत, पिकली की पिकली. मी रुक्मिणीला सोलायला बोलावलं. आम्ही दोघींनी मांडवावर केळी घातली, आणि खाली व्हॅलेरियन बसलेला तसाच बसून राहिला. त्याला आम्ही उठवलं नाही, हात लाव म्हटलं नाही. उन्हाने केळ्यांना पाक सुटायला लागला. त्याचे थेंब बांबूंमधून त्याच्या शर्टावर पडत होते. तो जरा सरकून बसला, एवढंच. संध्याकाळी आम्ही दोघी केळी उचलायचो, सकाळी परत घालायचो. माझी कंबर मोडली. पण माझं ठरलेलं होतं की बोलायचं नाही.

शुक्रवारी दुपारनंतर मी फाटकात टेबल मांडलं. पांढरं कापड, क्रूस, मेणबत्त्या, वाडीतला मोगरा. मिंगेलने मननाचा कागद आणून दिला होता. क्रुसाची वाट येईपर्यंत ऊन उतरणार होतं, म्हणजे नेमकी केळी उचलायची वेळ. रुक्मिणी म्हणाली, तू तुझं देवाचं बघ, मी मागे आहे.

गाणं ऐकू आलं, मग क्रूस दिसला. गल्ली भरून गेली. फादरांनी चौथ्या स्थानाचं नाव घेतलं, सगळे गुडघ्यांवर गेले आणि उठले. आता मनन. मी कागद उघडला. पहिलंच वाक्य होतं, मरियेने देवाची योजना शांतपणे स्वीकारली. मी ते मनात वाचलं आणि तिथेच थांबले. शांतपणे, हे यांना कुणी सांगितलं? बघायला कोण गेलं होतं?

मी कागदाची घडी केली.

"मी हे वाचणार नाही," मी म्हटलं. मागच्यांनाही ऐकू गेलं. "त्या वेळी तिला काय वाटलं, मला माहीत नाही. ती आली आणि तिथे उभी राहिली, तेवढं माहीत आहे. आपण थोडा वेळ उभं राहू या."

असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मिंगेलने घसा खाकरला, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला.

त्या शांततेत परसातून टोपली ओढल्याचा आवाज आला. आमच्या फाटकातून घराच्या कडेने सरळ मांडव दिसतो. रुक्मिणी केळी उचलत होती. एकेक, सावकाश, व्हॅलेरियनकडे न बघता. तो तिच्या हातांकडे बघत होता. बराच वेळ बघत होता. मग मला दिसलं की तो स्टुलावरून उठला. मांडवाच्या बाहेर आला. बाह्या वर केल्या. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन त्याने पहिलं केळं उचललं.

ज्यांना त्याने शब्द दिले होते, त्यांनी शब्द परत केले होते. हिला त्याने हात दिले होते.

मला भीती वाटत होती की तो मान वर करेल, एवढी माणसं बघेल आणि पुन्हा खाली बसेल. फादरांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी पुढची प्रार्थना सुरू केली नाही. गल्लीतला कुणी हलला नाही. टोपली भरली. रुक्मिणीने वर केळीचं पान झाकलं. व्हॅलेरियनने तिला हात जोडले, आणि तिने मान हलवली.

मग तो घराच्या कडेने चालत फाटकाशी आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. सगळ्यांच्या माना वर झाल्या, पूर्वी व्हायच्या तशाच. मिंगेलचे डोळे तर वाहायला लागले होते. आता व्हॅलेरियन बोलणार, असं प्रत्येकाला वाटलं.

"माझ्याकडे सांगायला काही नाही," तो म्हणाला. "मी उभा राहतो."

त्याने माझा हात धरला. केळ्यांच्या पाकाने त्याचा हात चिकट झाला होता आणि माझाही झाला.

पाचवं स्थान पुढच्या वळणावर. तिथे सिमोन नावाच्या माणसाला धरून आणतात आणि येशूचा क्रूस उचलायला लावतात. तिथे क्रूस वाहणारेही बदलतात, आणि कुणी कुठे खांदा द्यायचा ते आधीच ठरलेलं असतं. व्हॅलेरियन कुणाला न विचारता मागे गेला, जिथे क्रुसाचं टोक जमिनीवर घासत येतं, आणि त्याने ते दोन्ही हातांनी उचललं. त्या सिमोनाने येशूला काही समजावून सांगितल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. शेतावरून घरी चालला होता, आणि वाटेत ओझं उचललं. चौदाव्या स्थानापर्यंत, शाळेच्या मैदानापर्यंत, व्हॅलेरियनने टोक खाली ठेवलं नाही. क्रुसाची खूण मात्र त्याने एकदाही केली नाही, आणि मीही ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मैदानावरून पोरांनी क्रूस चर्चला नेला आणि आम्ही दोघं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मांडवावर केळी घालत होतो, तो आणि मी. चर्च सांभाळणारा बस्त्याव सायकलवरून आला आणि फाटकातूनच कुरकुर करायला लागला.

"व्हॅलेरियन, काय लावलंस रे त्या क्रुसाला? मागच्या टोकाला नुसत्या मुंग्या. रांग आल्तारपर्यंत गेलीय. उद्या रविवार, लोक काय म्हणतील? मी किती पुसू?"

व्हॅलेरियनने आपल्या हातांकडे पाहिलं. विहिरीवर जाऊन ते धुतले, दोरीवरचं फडकं ओढलं आणि खांद्यावर टाकलं.

"तू पुसू नको," तो बस्त्यावला म्हणाला. "मी येतो. माझ्यामुळे झाल्यात."

डेंझिलच्या दफनानंतर तो आज पहिल्यांदा चर्चला निघाला होता. माझ्या जिभेवर देवाच्या मार्गांबद्दलचं एक उत्तम वाक्य येऊन बसलं होतं. मी केळी उलटत राहिले.

"ऊन उतरायच्या आत ये," मी म्हटलं. "केळी उचलायची आहेत."